मिटलेल्या डोळ्यांपुढे चित्र न उमटणारे विद्यार्थी

“डोळे मिटा आणि चित्र डोळ्यांसमोर आणा,” ही सूचना प्राथमिक शाळेच्या वर्गात वारंवार दिली जाते. भूगोलाच्या तासाला सह्याद्रीची रांग, इतिहासाच्या तासाला शिवनेरीचा गड, निबंधाच्या तासाला गावची जत्रा आणि तोंडी गणिताच्या वेळी झाडावर बसलेले पक्षी, अशा नाना गोष्टी मुलांनी मनश्चक्षूंसमोर उभ्या कराव्यात अशी अपेक्षा असते. “दिसले का?” असे विचारताच सारा वर्ग एका सुरात “हो” म्हणतो आणि पाठ पुढे सरकतो. परंतु त्या सुरात सूर मिळविणाऱ्या एखाद्या बालकापुढे वस्तुतः काहीही दिसत नसते. इतर मुले “हो” म्हणतात म्हणून तेही “हो” म्हणते. क्वचित एखादे मूल धीर करून “गुरुजी, मला काहीच दिसत नाही,” असे सांगते, आणि त्याचे ते उत्तर बेलक्षपणाचे किंवा आगाऊपणाचे समजले जाते.

असे मूल बहुधा खरे तेच सांगत असते. मनात चित्र उमटण्याची शक्ती सर्व माणसांत सारखी नसते व काही थोड्या माणसांत ती मुळीच नसते, ही गोष्ट आता शास्त्रीय संशोधनाने प्रस्थापित झाली आहे. तिचे स्वरूप शिक्षकांनी नीट समजून घेतल्यास एका हुशार मुलास मंद ठरविण्याचा अन्याय टळू शकेल.

स्थितीचे स्वरूप

समोर नसलेल्या वस्तूचे जे चित्र मनात उमटते त्यास दृक्प्रतिमा म्हणतात. बहुतेक माणसांना आईचे नाव घेताच तिचा चेहरा अंधुक किंवा स्पष्ट असा मनापुढे दिसतो. काहींना तो प्रत्यक्षाइतका ठसठशीत दिसतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकास अशी माणसे असतात की त्यांना काहीही दिसत नाही. या अवस्थेस ‘अफँटेशिया’ असे नाव आहे. ‘फँटेशिया’ हा ॲरिस्टॉटलने कल्पनाशक्तीसाठी वापरलेला ग्रीक शब्द असून त्यामागे अभाव दाखविणारा ‘अ’ जोडलेला आहे. आपल्या ‘अज्ञान’, ‘अशक्य’ या शब्दांतील ‘अ’चे कार्य तेच. मराठीत या अवस्थेस ‘प्रतिमाशून्यता’ म्हणता येईल.

प्रतिमाशून्य बालकाची दृष्टी चांगली असते. आईचा चेहरा मनात आणता आला नाही तरी बाजाराच्या गर्दीत ते आपल्या आईस ओळखते. घरच्या बैलाची शिंगे कशी आहेत असे विचारले तर ते अचूक सांगते. त्याच्यापाशी माहिती असते, स्मरण असते, विचार असतो. फक्त त्या माहितीबरोबर चित्र येत नाही. ही माहिती त्याच्या मनात शब्द, जागा, क्रम व परस्परसंबंध यांच्या रूपाने राहते. काहींच्या बाबतीत दृक्प्रतिमेप्रमाणेच आवाज, वास वा स्पर्श यांच्या प्रतिमाही उमटत नाहीत. इतरांना मनातल्या मनात गाणे स्पष्ट ऐकू येते, पण दिसत मात्र काही नाही.

येथे एका शब्दाबाबत सावध राहावयास हवे. मराठीत ‘कल्पना’ हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. “कल्पना करा की तुम्ही नदीकाठी उभे आहात,” या वाक्यात चित्र पाहण्याचा अर्थ येतो. “त्याला एक नवी कल्पना सुचली,” या वाक्यात नवा विचार असा अर्थ आहे. प्रतिमाशून्य माणसास पहिली गोष्ट साधत नाही, परंतु दुसरी पूर्णपणे साधते. तो गोष्ट रचू शकतो, युक्ती शोधू शकतो, “असे झाले तर काय होईल?” याचा विचार करू शकतो. म्हणून अशा मुलास ‘कल्पनाशून्य’ म्हणणे सर्वथा चुकीचे होय.

ही अवस्था म्हणजे रोग नव्हे. बहुसंख्य लोकांत ती जन्मापासूनच असते आणि कधी कधी एकाच कुटुंबातील अनेकांत आढळते. मात्र पूर्वी चित्रे दिसत असलेल्या एखाद्यास डोक्यास मार लागल्यानंतर वा आजारानंतर ती दिसेनाशी झाली, तर तो निराळा प्रकार होय. तेथे वैद्यकीय तपासणी अवश्य करून घ्यावी.

संशोधनाचा इतिहास

या विषयाचा पहिला पद्धतशीर शोध इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी घेतला. त्यांचा निबंध १८८० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी अनेकांकडे एक प्रश्नावली पाठविली. आज सकाळी आपण ज्या टेबलाशी न्याहारीस बसलात ते आठवा, असे सांगून त्यांनी विचारले: मनात दिसणारे चित्र अंधुक आहे की उजळ? वस्तूंच्या कडा रेखीव दिसतात काय? रंग स्वाभाविक आहेत काय? शास्त्रज्ञांप्रमाणेच चार्टरहाउस या शाळेतील मुलांची उत्तरेही त्यांनी मिळविली होती.

उत्तरे पाहून गाल्टन चकित झाले. काहींचे वर्णन प्रत्यक्ष दर्शनाइतके स्पष्ट होते, तर काहींनी ‘मनश्चक्षू’ हा केवळ बोलण्याचा अलंकार असल्याचे मानले होते. असे लोक शास्त्रज्ञांत फार आहेत असे गाल्टन यांनी लिहिले. २००६ साली त्याच उत्तरांची फेरतपासणी झाली, तेव्हा शास्त्रज्ञांविषयीचे हे विधान अतिशयोक्त असल्याचे दिसून आले. तथापि माणसामाणसांत या बाबतीत मोठा फरक असतो, हा त्यांचा मूळ निष्कर्ष आजही टिकून आहे.

पुढे १९७३ साली डेव्हिड मार्क्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी सोळा प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. परिचित व्यक्तीचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचे दुकान व एक निसर्गदृश्य मनात आणून त्यांची स्पष्टता १ ते ५ गुणांत सांगावयाची, अशी तिची योजना आहे. काहीच न दिसणाऱ्याचे एकूण गुण १६ होतात व अत्यंत स्पष्ट पाहणाऱ्याचे ८०. संशोधनात ही मोजपट्टी आजही वापरली जाते.

इतके असूनही चित्र मुळीच न दिसणाऱ्यांकडे दीर्घकाळ कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. २०१० साली ॲडम झेमन या मज्जातंतुतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ६५ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत प्रसिद्ध केली. हे गृहस्थ इमारतींच्या मोजणी-पाहणीचे काम करून निवृत्त झालेले होते. हृदयाच्या रक्तवाहिनीवरील उपचारानंतर त्यांच्या मनातील चित्रे एकाएकी नाहीशी झाली. तरीही वस्तूंच्या रूपासंबंधीच्या प्रश्नांची उत्तरे ते बरोबर देत होते. ही हकीकत एका विज्ञानविषयक मासिकात आली, तेव्हा ती वाचून २१ जणांनी झेमन यांच्याशी संपर्क साधला. “आमचीही हीच अवस्था आहे, फरक इतकाच की आम्हास जन्मापासूनच काही दिसत नाही,” असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. या लोकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला व त्यातच ‘अफँटेशिया’ हे नाव प्रथम योजले गेले.

या २१ जणांच्या निवेदनांत शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. आपण इतरांहून निराळे आहोत हे त्यांतील बहुतेकांना कुमारवयात किंवा विशीत कळले. तोवर “डोळ्यांसमोर आणा” हे शब्द ते नुसती बोलण्याची रीत समजत होते. म्हणजेच प्राथमिक शाळेतील प्रतिमाशून्य मुलास आपल्या अवस्थेची जाणीव असण्याचा संभव फार थोडा आहे. ते तक्रार करणार नाही, कारण तक्रार करण्याजोगे काही आहे हेच त्यास ठाऊक नसते.

प्रयोगांचा पुरावा

मनातील चित्र दुसऱ्यास दिसत नाही. मग एखादा माणूस खरे बोलतो की प्रयत्नच करीत नाही, हे कसे ओळखावयाचे? ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे झालेल्या दोन प्रयोगांनी या शंकेचे उत्तर दिले आहे.

पहिला प्रयोग डोळ्याच्या बाहुलीचा. प्रखर उजेडात बाहुली लहान होते आणि अंधारात मोठी होते, हे प्राथमिक विज्ञानाच्या पाठात सांगितले जाते. सामान्य माणसाने उजळ आकृतीचे नुसते मानसचित्र पाहिले तरी त्याची बाहुली किंचित लहान होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्रतिमाशून्य लोकांच्या बाहुलीत असा बदल आढळला नाही. परंतु एका आकृतीऐवजी चार आकृती मनात आणावयास सांगितल्या तेव्हा त्यांच्याही बाहुल्या मोठ्या झाल्या. कठीण मानसिक श्रम करताना बाहुली मोठी होत असते. यावरून ते मनापासून प्रयत्न करीत होते, तरीही चित्र उमटत नव्हते, हे सिद्ध झाले. “काही दिसत नाही” असे म्हणणाऱ्या मुलास “नीट प्रयत्न कर” असे सांगणे किती व्यर्थ आहे, हे यावरून कळून येईल.

दुसरा प्रयोग भीतीचा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात भयप्रद प्रसंगांचे वर्णन वाचावयास दिले गेले. भीतीने तळव्यांना सूक्ष्म घाम येतो व तो यंत्राने मोजता येतो. वर्णन वाचताना सामान्य माणसांच्या बाबतीत हे माप वाढत गेले. प्रतिमाशून्यांच्या बाबतीत ते जवळजवळ स्थिर राहिले. मात्र भयानक छायाचित्रे दाखविली तेव्हा दोन्ही गटांची प्रतिक्रिया सारखीच झाली. भावना दोघांनाही असतात; शब्दांतून चित्र व चित्रातून भय ही वाट मात्र एकास मोकळी व दुसऱ्यास बंद असते.

तिसरा प्रयोग अमेरिकेत झाला. तोही २०२१ सालचा असून चित्रकलेच्या तासासाठी विशेष बोधप्रद आहे. लोकांना खोल्यांची छायाचित्रे दाखवून ती नंतर आठवणीने काढावयास सांगितली. प्रतिमाशून्यांनी कमी वस्तू काढल्या, रंग कमी वापरले, आणि काही ठिकाणी वस्तूऐवजी तिचे नावच लिहिले. परंतु ज्या वस्तू काढल्या त्यांच्या जागा व आकारमान इतरांइतकेच बरोबर होते. शिवाय छायाचित्रात नसलेल्या वस्तू घुसडण्याची चूक त्यांच्याकडून कमी झाली. छायाचित्र समोर ठेवून काढताना तर दोन्ही गटांत फरक राहिला नाही. रूपाची स्मृती व जागेची स्मृती या दोन निराळ्या शक्ती आहेत आणि पहिली नसली तरी दुसरी शाबूत असू शकते, असा याचा अर्थ होतो.

प्रमाण व जीवनक्रम

ब्रिटनमध्ये केलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ज्यांची प्रतिमाशक्ती अत्यंत अंधुक आहे किंवा मुळीच नाही असे लोक शंभरांत सुमारे चार आढळले. ज्यांना काहीच दिसत नाही असे त्यांपैकी शंभरांत एकाहून थोडे कमी होते. हेच प्रमाण आपल्याकडे धरले, तर शंभर पटाच्या शाळेत अशी तीन-चार मुले असू शकतील.

या लोकांचे जीवन इतरांसारखेच चालते. त्यांतील बहुतेकांना झोपेत स्वप्ने मात्र दिसतात, हे एक नवल होय. काहींना माणसांचे चेहरे ओळखणे जड जाते. स्वतःच्या आयुष्यातील जुने प्रसंग तपशिलाने आठवत नाहीत असे अनेकजण सांगतात. प्रसंग घडल्याचे ज्ञान असते, परंतु तो पुन्हा अनुभवल्यासारखा वाटत नाही. दिवंगत आप्ताचा चेहरा मनात आणता येत नाही याचे दुःखही काहींनी व्यक्त केले आहे. ‘माझे आजोबा’ या निबंधात एखाद्या मुलाने चेहऱ्याचे वर्णन मुळीच न करता आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी व त्यांची कामेच लिहिली, तर त्याचे प्रेम कमी आहे असा अर्थ कोणी काढू नये.

बुद्धी व कर्तृत्व यांना ही अवस्था आड येत नाही. झेमन व सहकाऱ्यांच्या २०२० सालच्या मोठ्या पाहणीत प्रतिमाशून्य लोक विज्ञान व गणित या क्षेत्रांकडे अधिक वळलेले आढळले. परंतु कलेचे क्षेत्रही त्यांना बंद नाही. संगणकाच्या साह्याने चित्रपट निर्माण करणाऱ्या पिक्सार या अमेरिकन संस्थेचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी आपणास मनात चित्र दिसत नाही असे जाहीरपणे सांगितले आहे. ‘द लिटल मरमेड’ या १९८९ सालच्या चित्रपटातील जलकन्येचे रेखाटन करणारे नामवंत चित्रकार ग्लेन कीन हेही तसेच आहेत. मनात चित्र नसल्याने असे कलावंत कागदावरच चित्र शोधतात. एक रेघ काढावी, ती पाहावी, सुधारावी आणि पुढे जावे.

वर्गातील व्यवहार

शिक्षक ज्या रीतीने स्वतः विचार करतो तीच रीत त्यास स्वाभाविक वाटते व तीच तो मुलांना शिकवितो. ज्या शिक्षकास चित्रे स्पष्ट दिसतात, तो “डोळ्यांसमोर आणा” यावर भर देतो. ज्या शिक्षकास स्वतःलाच ती दिसत नाहीत (आणि असे शिक्षकही असणारच), तो अधिक नियम सांगतो. दोघांच्याही वर्गात दोन्ही प्रकारची मुले असतात. म्हणून एकाच गोष्टीकडे जाण्याच्या दोन-तीन वाटा मोकळ्या ठेवणे हे अध्यापनाचे धोरण असावे. त्या दृष्टीने पुढील सूचना उपयुक्त ठरतील.

१. प्रश्नाची भाषा. “काय दिसते?” याऐवजी “काय आठवते? काय माहीत आहे?” असे विचारावे. “दिसले ना?” हा प्रश्न तर टाळावाच, कारण त्याला “हो” याखेरीज उत्तर देण्याची सोय मुलास राहत नाही.

२. गणित. समजा, एका शेताची लांबी ४० मीटर व रुंदी २५ मीटर असून त्याच्या चारही बाजूंनी तीन पदरी तारेचे कुंपण घालावयाचे आहे. “शेत डोळ्यांसमोर आणा,” असे सांगून थांबू नये. पाटीवर आयत काढू द्यावा व बाजूंवर मापे लिहू द्यावीत. १३० मीटरांचा एक पदर व ३९० मीटरांचे तीन, हे मग आपोआप उलगडते. लहान इयत्तांत चिंचोके, मणी व काड्या यांचा वापर लवकर बंद करू नये. मूर्ताकडून अमूर्ताकडे जाण्याचे सूत्र येथे विशेष मोलाचे आहे.

३. शुद्धलेखन. “शब्दाचे रूप डोळ्यांसमोर आणा,” ही युक्ती सर्वांस लागू पडत नाही. शब्द स्पष्ट उच्चारणे, त्याची अक्षरे सुटी करणे, तो हाताने गिरविणे, आणि शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सामान्यतः दीर्घ लिहावयाचा यांसारखे नियम सांगणे, या वाटाही द्याव्यात.

४. पाठांतर. पाढे व कविता लयीत आणि चालीवर म्हणण्याची आपली जुनी रीत कानावर व जिभेवर अवलंबून आहे. प्रतिमाशून्य मुलास ती उत्तम साह्य करू शकते.

५. भूगोल. जागेची स्मृती बहुधा शाबूत असल्याने दिशा, अंतर व क्रम यांवर भर द्यावा. शाळेच्या अंगणात खडूने किंवा फक्कीने गावाचा नकाशा आखून मुलांना त्यावरून चालवावे. पश्चिमेस कोकणपट्टी, मध्ये सह्याद्री, पूर्वेस पठार हा क्रम पायांनी ओलांडलेले मूल सहसा विसरत नाही.

६. निबंध व चित्रकला. वर्णन करावयाचे ते आधी प्रत्यक्ष पाहून त्याचे टिपण करावे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर रंगरूपाऐवजी पावसाचा आवाज, मातीचा वास आणि घडलेल्या घटना कोणी लिहिल्या, तर त्यांनाही तितकेच गुण द्यावेत. चित्र काढताना वस्तू समोर ठेवण्याची मुभा द्यावी.

७. शिक्का न मारणे. एखाद्या मुलास चित्र दिसत नाही असे आढळले तरी त्याची चारचौघांत चर्चा करू नये आणि ‘प्रतिमाशून्य’ असे नाव त्यास चिकटवू नये. अभ्यासातील प्रत्येक अडचणीचे हे कारण समजणेही बरोबर नाही. फळ्यावरचे अक्षर न दिसणे हा वेगळा प्रश्न असून तेथे डोळ्यांची तपासणीच करावयास हवी.

या सूचनांसाठी नवे साहित्य वा जादा तास लागत नाही. शिवाय पाटीवरची आकृती, अंगणातील नकाशा आणि चालीवरचे पाढे यांचा लाभ ज्यांना चित्रे स्पष्ट दिसतात त्या मुलांसही होतोच. ज्याला दिसत नाही त्याला मात्र त्याहून मोठा लाभ होतो. “तुला दिसत नाही ना, मग तुला जसे आठवते तसे सांग,” हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून एकदा ऐकले की खोटे “हो” म्हणण्याचे त्यास कारण उरत नाही. जे मूल आपल्याला काय कळते व काय कळत नाही हे निर्भयपणे सांगू शकते, त्याला शिकविणे सोपे असते. आणि तसे सांगण्याचे धैर्य त्याला देणे सर्वस्वी शिक्षकाच्या हाती आहे.